टिंबाची शेपटी

पूर्णविरामाला शेपटी फुटली की त्याचा स्वल्पविराम होतो. विरामचिन्हांच्या साऱ्या गोतावळ्यात दिसायला इतके क्षुल्लक चिन्ह दुसरे नाही. प्रश्नचिन्हाला कमरेतला बाक आहे, उद्गारचिन्ह छडीसारखे ताठ उभे असते, अवतरणचिन्हे जोडीजोडीने मिरवत येतात. स्वल्पविराम मात्र ओळीच्या पायाशी, उंबऱ्यापाशी अंग चोरून बसलेल्या गरीब पाहुण्यासारखा. पण गेली वीस वर्षे मी शाळेत इंग्रजी शिकवतो आहे, आणि मुलांच्या वह्यांवर माझी जी लाल शाई खर्ची पडली, तिच्यातली निम्मी तरी या शेपटीवाल्या टिंबापायी पडली असेल.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी मी शिकलो ती घरातल्या तर्खडकरांच्या जुन्या भाषांतर पाठमालेवर, आणि पुढे रेन व मार्टिन या जोडगोळीच्या जाडजूड व्याकरणावर. म्हणजे ही भाषा माझ्याकडे कानांवाटे आली नाही. डोळ्यांवाटे, एकेक वाक्य तांदळासारखे निवडून घेत आली. अशा माणसाला कान काही सांगत नाही. जिथे माझे पदवीधर स्नेही 'तसे बरे वाटते' म्हणून पुढे जातात, तिथे मी खडा लागल्यासारखा थांबतो आणि विचारतो, 'इथे स्वल्पविराम का? आणि तिथे का नाही?'

मुलांना हा प्रश्न विचारला, की वर्गातून ठरलेले उत्तर येते : "सर, जिथे श्वास घ्यायचा तिथे कॉमा द्यायचा." हे उत्तर खोटे नाही. खोटे तर नाहीच, उलट फार जुने आहे. इसवी सनापूर्वी सुमारे दोनशे वर्षे अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात अ‍ॅरिस्टोफेनिस नावाचा एक ग्रंथपाल होता. प्रहसने लिहिणारा तो अ‍ॅरिस्टोफेनिस निराळा, हा बायझँटियमचा. त्या काळी ग्रीक मजकूर शब्दाशब्दांत जागा न सोडता सलग लिहीत. वाचणाऱ्याने दम कुठे खावा हे कळावे म्हणून या गृहस्थाने तीन निरनिराळ्या उंचींवर टिंबे देण्याची युक्ती काढली. त्यांतल्या सर्वांत आखूड तुकड्याचे नाव 'कोमा', म्हणजे कापलेला भाग. पुढे टिंबाला शेपटी आली, आणि 1490 च्या दशकात व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस याच्या छापखान्यातून आजच्या वळणाचा स्वल्पविराम युरोपभर गेला. 1795 साली लिंडली मरेने आपल्या इंग्रजी व्याकरणात तर तालाचे गणितच मांडले : स्वल्पविरामाला जितके थांबायचे, त्याच्या दुप्पट अर्धविरामाला, त्याच्या दुप्पट अपूर्णविरामाला. तबलजीने मात्रा मोजाव्यात तशी ही मोजणी. तेव्हा श्वासाचे उत्तर देणारा माझा विद्यार्थी दोन हजार वर्षांच्या परंपरेला धरूनच बोलत असतो.

आपल्याकडे तर हे चिन्ह कालपरवा आले. मोडीत लिहिणारा कारकून एकदा बोरू टेकवला की ओळ संपेपर्यंत उचलायचा नाही. शब्द कुठे संपला हेही वाचणाऱ्याने मजकुराच्या ओळखीने जाणायचे. पोथीत दंड असत, पण ते चरण संपल्याची खूण म्हणून. मराठी गद्याला इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे लावून देण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जाते. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे छोटे पुस्तक 1850 सालचे. म्हणजे मराठी स्वल्पविरामाचे वय पावणेदोनशे वर्षे. भाषेच्या आयुष्यात हे काही मोठे वय नव्हे. अजूनही तो आपल्या घरात नव्या सुनेसारखा, कोणी सांगेल तिथे बसणारा आहे. मी कादंबरी लिहितो तेव्हा माणूस बोलता बोलता जिथे अडखळेल, आवंढा गिळेल, तिथे स्वल्पविराम देतो. मुद्रितशोधक त्यांतले पाच काढतो आणि स्वतःच्या पदरचे तीन घालतो. आम्हा दोघांचेही वाचकावाचून काही अडत नाही, आणि वाचकाचेही आमच्यावाचून अडत नाही. कारण अर्थ त्या चिन्हावर टांगलेला नसतो. तो विभक्तीच्या खुंटीला टांगलेला असतो.

शाळेतल्या विनोदात एक आजी सर्वांना ठाऊक आहे. 'लेट अस ईट, ग्रँडमा' म्हटले तर नातू आजीला जेवायला बोलावतो. मधला स्वल्पविराम गळला तर तो आजीलाच खायला निघतो. मुले पोट धरून हसतात. मग मी विचारतो, हा विनोद मराठीत करून दाखवा. 'आजी, जेवू या' आणि 'आजी जेवू या' : दोन्हीकडे आजी सुखरूप. तिला खायचेच असेल तर 'आजीला' म्हणावे लागेल. त्या 'ला'ने म्हातारीला अभय दिलेले आहे. मुलांना हाक मारायची तर 'मुलांनो' म्हणतो. शब्दाचे रूपच सांगते, की ही हाक आहे. इंग्रजीने आपले प्रत्यय शतकानुशतके झिजवून टाकले. शब्द उघडेबोडके झाले, आणि कोण कोणाचा लागतो हे सांगण्याचे काम त्यांच्या जागेवर आणि या शेपटीवाल्या टिंबावर आले. म्हणून इंग्रजीतला स्वल्पविराम श्वासासाठी जन्मला खरा, पण मोठेपणी त्याला निराळी नोकरी पत्करावी लागली.

ही नोकरी काय आहे, हे मला एका वाक्याने नीट कळले. 'जी मुले उशिरा आली, त्यांना शिक्षा झाली.' या मराठी वाक्यातला स्वल्पविराम अगदी रास्त आहे. जी आणि त्यांना, जो आणि तो, हे आपल्याकडे झोपाळ्याच्या दोन कड्यांसारखे समोरासमोर असतात. मध्ये विसावा हवाच. मुले या वाक्याचे इंग्रजी करताना तो विसावाही सोबत उचलून नेतात. 'द बॉइज हू केम लेट वेअर पनिश्ड' या वाक्यात एकही स्वल्पविराम नाही. उशिरा आली तेवढ्याच मुलांना शिक्षा; वेळेवर आलेली बाकावर निवांत बसलेली आहेत. आता 'हू केम लेट' या तीन शब्दांच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक स्वल्पविराम द्या. शब्द तेच, क्रम तोच. पण आता अर्थ असा, की मुले सगळीच उशिरा आली आणि शिक्षाही सगळ्यांनाच झाली. दोन टिंबांच्या शेपट्यांनी अख्खा वर्ग वर्गाबाहेर उभा केला! मी हे फळ्यावर करून दाखवतो तेव्हा पहिल्या बाकावरची, रोज दहा मिनिटे आधी येणारी मुले खरोखर अस्वस्थ होतात.

यातून मी वर्गासाठी दोन कसोट्या काढल्या आहेत. पहिली, तो भाग उचलून बाजूला ठेवा. उरलेले वाक्य त्याच माणसांविषयी तेच बोलत असेल, तर तो भाग ओटीवरच्या पाहुण्यासारखा आहे. त्याला दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम द्या. एका बाजूने देऊन भागत नाही. एकच बिजागरी असलेले दार लोंबकळत राहते. दुसरी कसोटी, तो भाग काढल्यावर 'कोणता?' असा प्रश्न उभा राहत असेल, तर तो घरचाच माणूस. त्याला स्वल्पविरामाने वेगळे काढू नका. या दोन कसोट्यांनी निम्मे रान साफ होते. उरलेल्या निम्म्यात मात्र नियम हात टेकतात.

पदार्थांची यादीच घ्या. 'पंगतीला वरणभात, मसालेभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड आणि पुरी होती.' आता श्रीखंड आणि पुरी हे दोन पदार्थ, की मिळून एक? पंगतीत बसलेल्याला ही शंका येत नाही; पुरी पानात पडते आणि शंका श्रीखंडात बुडते. पण हेच वाक्य कायद्यात असते तर? इंग्रजीत 'अँड' किंवा 'ऑर' याच्या आधी, यादीतल्या शेवटच्या वस्तूपूर्वी, एक स्वल्पविराम देण्याची रीत आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ती पाळली म्हणून त्याला ऑक्सफर्डचा स्वल्पविराम म्हणतात. तो द्यावा की देऊ नये यावर इंग्रजी लिहिणाऱ्यांत आपल्या ऱ्हस्वदीर्घाइतकीच हाणामारी चालते.

अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यात या हाणामारीची किंमत पैशांत मोजली गेली. तिथल्या कायद्यात जादा वेळेच्या कामाला दीडपट मजुरी होती. पण नाशवंत अन्नाच्या काही कामांना ती लागू नव्हती. ती कामे कायद्याने एकापुढे एक मांडली होती : डबाबंद करणे, टिकवणे, गोठवणे, वाळवणे, साठवणे, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या गाड्या चालवणारे चालक म्हणाले, आम्ही माल वाटतो, बांधत नाही. कायद्यात म्हटले आहे ते पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी बांधणे, म्हणजे एकच काम, बांधणीचे. डेअरी म्हणाली, नव्हे, बांधणे हे एक आणि वाटप हे दुसरे. श्रीखंड आणि पुरी! 2017 साली अपील न्यायालयाने सांगितले, की कायद्याची भाषा संदिग्ध आहे, आणि संदिग्ध असेल तिथे कष्टकऱ्याच्या बाजूने वाचायची. 2018 साली पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली. दरम्यान राज्याच्या विधिमंडळाने त्या कलमात स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम घालून ठेवले. हात पोळल्यावर माणूस चिमटा घेतो, तसे.

पैशांवर भागले म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते. दुसरी तशी सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धात सर रॉजर केसमेंट या आयरिश माणसाने जर्मनीत जाऊन, तिथे कैदेत असलेल्या आयरिश सैनिकांना इंग्रजांविरुद्ध उभे करण्याचा प्रयत्न केला. 1916 साली लंडनला त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तो 1351 सालच्या कायद्याखाली. राज्यात राहून राजाच्या शत्रूंना सामील होणारा, त्यांना राज्यात किंवा अन्यत्र मदत देणारा, असा काहीसा त्या कायद्याचा मजकूर. केसमेंटच्या वकिलाचे म्हणणे, 'किंवा अन्यत्र' हे शब्द फक्त मदतीला लागतात; शत्रूला सामील होणारा माणूस राज्यातच असला पाहिजे, आणि माझा अशील तर जर्मनीत होता. सरकारचे म्हणणे, ते शब्द साऱ्या वाक्याला लागतात. कायदा नॉर्मन फ्रेंच भाषेत लिहिलेला, आपल्या मोडीसारखाच विरामचिन्हांची पर्वा न करणारा. न्यायाधीशांनी जुना पट काढून तपासला आणि 'अन्यत्र' हे शब्द सर्वांना लागतात असे ठरवले. 3 ऑगस्ट 1916 रोजी केसमेंटला फाशी झाली. तो एका स्वल्पविरामावर फाशी गेला असे लोक म्हणू लागले. मला मात्र त्यात चिन्हाचा दोष दिसत नाही. चर्मपत्रावरचे बारीक फाटे माणसाला मारत नाहीत; माणसे ठरवतात, आणि ठरवल्यानंतर चिन्हाकडे बोट दाखवतात.

हा विचार मनात घोळत असतानाच्या दिवसांत एक प्रसंग घडला. आमचे गाव समुद्रकाठचे. गावात इंग्रजी अर्ज लिहून द्यायचा तर लोक माझ्याकडे येतात. एका संध्याकाळी कोळीवाड्यातल्या एक काकू आल्या. त्यांचा मुलगा मस्कतला एका कंपनीत होता. बहिणीचे लग्न ठरले होते आणि कंपनी रजा देत नव्हती. मुलाने फोनवर सांगितले होते, की आईचे एक पत्र साहेबाकडे इंग्रजीतून आले तर उपयोग होईल.

मी लिहू लागलो. दुसरेच वाक्य होते : तुमच्या कंपनीत काम करणारा माझा मुलगा तीन वर्षांत घरी आलेला नाही. मराठीत हे वाक्य कुठेही अडत नाही. इंग्रजीत मात्र 'माय सन' लिहून झाले, 'हू वर्क्स इन युवर कंपनी' यापाशी आलो, आणि माझा हात थांबला. स्वल्पविराम दिले तर काकूंना मुलगा एकच. नाही दिले तर आणखी एक तरी मुलगा आहे, आणि हा त्यांतला मस्कतचा. नियमाला उत्तर हवे होते आणि ते माझ्याजवळ नव्हते.

मी विचारले, "काकू, मुलगे किती तुम्हांला?"

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोन." आणि थोड्या वेळाने, "थोरला लाँचवर होता. तुम्हांला ठाऊकच असेल, मास्तर."

मला ठाऊक होते. चौदा वर्षांपूर्वी आश्विनात एक लाँच गेली ती परतली नव्हती. तांडेल आणि खलाशी, कोणीच मिळाले नव्हते. त्यांच्यात काकूंचा मुलगा होता हे मात्र मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

पत्राच्या दृष्टीने पाहिले तर मार्ग सोपा होता. 'एकुलता एक मुलगा' असे लिहिले तर साहेबाचे मन लवकर द्रवले असते. आणि ते खोटेही झाले नसते. मी काकूंना तसे सांगितले. त्यांनी मान हलवली.

"एकुलता नका लिहू."

मग मी त्यांना कागदावर ती जागा दाखवली. दोन चिन्हे काढून दाखवली आणि म्हटले, ही इथे दिली तर वाचणाऱ्याला एकच मुलगा दिसेल. दिली नाहीत तर कुठेतरी दुसराही आहे असे होईल. काकूंना इंग्रजी येत नाही. त्या बोट लावून त्या दोन जागा पाहत राहिल्या.

"नाही दिली तर तिथे कोणी विचारील? दुसरा कुठं असतो म्हणून?"

"कोणी विचारणार नाही."

"मग नका देऊ."

मी दिली नाहीत. वाक्य व्याकरणाला धरून होते. कोणत्याही परीक्षकाने त्याला पूर्ण गुण दिले असते. पत्र गेले, अकरा दिवसांची रजा मिळाली, धाकटा लग्नाला येऊन गेला. मस्कतच्या त्या साहेबाने एका आईच्या पत्रातल्या दोन रिकाम्या जागा पाहिल्या असतील असे मला वाटत नाही. पाहण्यासाठी त्या ठेवलेल्याही नव्हत्या.

तेव्हापासून मला एक गोष्ट पटली आहे. स्वल्पविराम काय करतो, हे व्याकरण सांगू शकते. तो द्यावा की नाही, हे व्याकरणाला सांगता येत नाही. ते वाक्य ज्याचे, त्यालाच विचारावे लागते. आजकाल संगणकावर इंग्रजी लिहिले, की शब्दांखाली आपोआप रेघ उमटते आणि 'इथे स्वल्पविराम हवा' अशी सूचना येते. सूचना बहुधा बरोबर असते. लाखो वाक्ये चाळून तिने ही चतुराई कमावलेली आहे. पण वर्गातली सगळीच मुले उशिरा आली की काही, पंगतीत पदार्थ चार होते की पाच, एखाद्या बाईला मुलगे किती, हे त्या रेघेला कसे कळावे? ते माहीत असलेला माणूस तर कागदाच्या अलीकडे बसलेला असतो, पुष्कळदा काही न बोलता.

म्हणून वह्या तपासण्याची माझी रीतही थोडी निराळी आहे. नियमाने ठरणाऱ्या जागा मी नेहमीप्रमाणे लाल शाईने ठीक करतो. हाक मारली, स्वल्पविराम हवा. दोन पुरी वाक्ये 'बट'ने जोडली, 'बट'च्या आधी हवा. कर्ता कितीही लांबला तरी त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा स्वल्पविराम नको, मग दम लागो की न लागो. पण जिथे 'हू' किंवा 'व्हिच' आले आणि अर्थ दोन्हीकडे झुकतो, तिथे मी बरोबर-चूक अशी कोणतीच खूण करीत नाही. समासात फक्त एक शब्द लिहितो : 'किती?' वही परत आली, की त्याखाली उत्तर असते. मग ते पाहून मी वाक्य तपासतो.

गेल्या सहामाहीत नववीतल्या एका मुलीने आपल्या घरावर निबंध लिहिला होता. त्यात पुण्याला काम करणाऱ्या भावाविषयी एक वाक्य होते, स्वल्पविरामावाचून. मी समासात विचारले. दुसऱ्या दिवशी वही आली. माझ्या प्रश्नाखाली तिने शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिले होते : 'दोन. धाकटा अजून रांगतो, म्हणून त्याच्याविषयी काही लिहिले नाही.'

मी वाक्याला हात लावला नाही. शेजारी बरोबरची खूण केली, आणि पुढची वही उघडली.